विमानांनी आपापसात ठरवून घेतलं तर?

खिडकीचीसीट
मंडळी, मागच्या आठवड्यात बंगळूरहून मुंबईला येताना आमचं विमान समुद्राच्या बाजूला पंचवीस मिनिटं गोल गोल फिरत होतं. खाडीच्या तोंडावरची एकच पांढरी बोट मी चार वेळा पाहिली. शेजारचे आजोबा दर फेरीला "आता आलं का?" विचारायचे आणि मी दर वेळी "आलंच" म्हणायचो.

माझं पोट गोदामातल्या गाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यामुळे उतरल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. शोधता शोधता एक जुनं काम हाती लागलं. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत स्टेफनी कॅमराटा, डेव्हिड मॅकार्थर आणि रँडल स्टीब या तिघांनी या विषयावर डोकं चालवलं होतं. १९८३ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहला कृत्रिम बुद्धिमत्तेची परिषद झाली, तिथे ते मांडलं. कल्पना अशी: जमिनीवरचा नियंत्रक क्षणभर विसरा. प्रत्येक विमानात एक संगणक. त्याला आजूबाजूचं थोडंच दिसतं, बोलायलाही मर्यादा. पुढे मार्ग एकमेकांना छेदणार असं दिसलं की त्या घोळक्यातल्या विमानांनी आपल्यातलंच एक निवडायचं. बाकीचे त्याला आपापला बेत कळवणार, आणि तो बेत बदलून तिढा सोडवणार.

खरी मेख पुढे आहे. निवडायचं कुणाला? ज्याला वळायला सगळ्यात मोकळी जागा आहे त्याला, की ज्याला बाकीच्यांबद्दल सगळ्यात जास्त माहिती आहे त्याला? की आधीच ठरलेल्या नियमाने, एक शब्दही न बोलता?

आता चाळीस वर्षं उलटली. तेव्हाच्या मशीनपेक्षा कैक पट ताकदीचा फोन आपल्या खिशात आहे. तरी अजून एक माणूस माइकवर "डावीकडे वळा, खाली या" सांगत बसलाय. का? जाणकारांनी लिहा. अजाणकारांनीही लिहा, नाहीतर धागा चालत नाही.

झंप्या
पहिला! खुर्ची टाकून बसलोय. चकल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.

सांजवात
पुण्यात कुठल्याही मोठ्या चौकात सिग्नल बंद पडला की तुमचा प्रयोग फुकटात बघायला मिळतो. प्रत्येक जण आपापला नियोजक. घोळक्यातला एक निवडला जातो, तो म्हणजे पीएमपीची बस, कारण ती सगळ्यात मोठी. माहिती, मोकळी जागा वगैरे कुणी विचारत नाही.

बायनरीबाबा
धागाकर्त्याचा प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. 'वाटून देणं' म्हणजे नक्की काय वाटायचं? यंत्रं वाटायची, की निर्णय?

यंत्रं वाटण्याचा सगळ्यात मोठा घाट अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने घातला होता. नाव ॲडव्हान्स्ड ऑटोमेशन सिस्टिम. १९८८ साली कंत्राट आयबीएमला. नियंत्रकांच्या टेबलांवरचे संगणक एका जाळ्यात, एक पडला की दुसरा त्याचं काम उचलणार, सगळं आडा नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. अट काय होती माहितीये? वर्षभरात मिळून बंद राहण्याची मुभा साधारण तीन सेकंद! ०.९९९९९९९, म्हणजे सात नऊ. आमच्याकडे तीन नऊंसाठी लोक रात्री-अपरात्री उठतात हो. आधीचा अडीच अब्ज डॉलर्सचा अंदाज वाढत वाढत सातच्या पुढे गेला आणि १९९४ मध्ये मोठा भाग गुंडाळला.

आणि यात निर्णय कुठे वाटले होते? कुठेच नाही. निर्णय घेणारा माणूसच होता, फक्त त्याच्यासमोरचा पडदा मरू नये म्हणून ही सगळी धडपड. रँडवाल्यांचा प्रश्न अगदीच वेगळा. माझं मत विचाराल तर यंत्रं जरूर वाटा, निर्णय एकाच्याच हाती ठेवा. दहा संगणकांचं एकमत घडवून आणणं म्हणजे काय असतं ते मी रोज भोगतो.

झंप्या
दहा संगणकांचं सोडा, आमच्या सोसायटीत सात जणांचं लिफ्टच्या रंगावर एकमत झालं नाही. चार वर्षं प्रायमरवर आहे.

पट्टीवाला
मी आजवर इथे फक्त वाचत होतो. एकोणतीस वर्षं एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात काढली, त्यातली बरीचशी मुंबईत. आयडीचा अर्थ: पट्टीवाला, पट्टेवाला नव्हे.

खिडकीचीसीट, तुमच्या डोळ्यांसमोर 'एक माणूस माइकवर' असं जे चित्र आहे ते फक्त ऐकू येणारं टोक झालं. आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात, प्रत्येक सेक्टरचा मालक वेगळा. भारतात चार मोठी क्षेत्रं आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. मुंबईचं क्षेत्र अरबी समुद्रावर इतकं पसरलंय की पलीकडे मस्कत आणि मोगादिशूच्या हद्दी लागतात. म्हणजे काम आधीपासूनच वाटलेलं आहे. वाटणी भूगोलावर केलेली आहे, एवढंच.

आता जवळून सांगतो. आमच्या उमेदीच्या काळात प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे, प्लॅस्टिकच्या खोबणीत बसवलेली. त्यावर विमानाचं नाव, उंची, कुठल्या पॉइंटवर किती वाजता. रडारवाला आत्ताचं बघतो. त्याच्या शेजारी प्लॅनर, तो पुढच्या वीसेक मिनिटांचं. समुद्रावर तर रडारच नाही. एचएफ या लांब पल्ल्याच्या रेडिओच्या खरखरीतून वैमानिक आपली जागा सांगणार, आणि दोघांमध्ये दहा-दहा मिनिटांचं अंतर आम्ही पट्ट्यांवर जुळवणार. दोन पट्ट्या एकाच पॉइंटला, एकाच उंचीवर, तीन मिनिटांच्या फरकाने आल्या की त्यातली एक बाहेर ओढून तिरकी ठेवायची. तिढा सुटेपर्यंत ती तिरकीच. शिफ्ट बदलताना येणारा माणूस आधी तिरक्या पट्ट्या मोजायचा, मग कानाला हेडसेट लावायचा.

तुमच्या संगणकाला पुढचं दिसतं, हे मान्य. पण अमुक एक गोष्ट 'अजून सुटलेली नाही' हे शेजारच्याला एका नजरेत कळलं पाहिजे. बायनरीबाबांच्या त्या प्रकल्पातही पट्ट्या पडद्यावर आणताना बराच वाद झाला होता. मला त्याचं अजिबात नवल वाटत नाही.

गवतीचहा
पट्टीवाला काका, दंडवत! वेगळा धागा काढाच. आणि शेजारच्या हद्दीत विमान सोपवताना काय करायचात?

पट्टीवाला
फोन. "अमुक विमान, अमुक पॉइंट, सतरा बेचाळीस, तीन-पाच-शून्य." म्हणजे वेळ आणि उंची, पस्तीस हजार फूट. पलीकडचा तेच परत म्हणून दाखवणार. मस्कतचा फोन लागेपर्यंत कधी कधी विमानच मस्कतला पोचेल की काय अशी धाकधूक. आता हे संगणक-ते-संगणक जातं, त्याला एआयडीसी म्हणतात. आधी 'येतोय' असा निरोप, मग अंदाज, मग पलीकडून 'कबूल', मग ताबा दिला, ताबा घेतला. म्हणजे बोलाचाली करून ठरवणारे संगणक आहेतच की, पण ते जमिनीवर बसलेत.

उंबरठा
विमानातही आहेत! टीकॅस विसरलात सगळे, टक्कर टाळायला विमानातच बसवलेलं यंत्र. तिथे जमिनीवरचा माणूस मध्ये नाहीच. दोन विमानांचे ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली ओळख कळवणारे रेडिओ, थेट एकमेकांशी बोलतात: "मी वर जातोय, तू खाली जा." दोघांनी एकाच वेळी तीच दिशा निवडली तर? प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक पत्ता असतो. ज्याचा आकडा मोठा, तो आपली दिशा उलटवतो. झालं. रँडवाल्यांच्या 'निवडायचं कुणाला' या प्रश्नाचं हे गावठी उत्तर. ना मोकळी जागा, ना माहिती.

सांजवात
म्हणजे मोठ्याने नमतं घ्यायचं. आमच्या घरी हाच प्रोटोकॉल आहे, मी थोरली.

उलटतपासणी
उंबरठा, सपशेल असहमत. टीकॅसला नियोजन म्हणणं म्हणजे एअरबॅगला ड्रायव्हर म्हणण्यासारखं. त्याची 'वर जा' ही आज्ञा येते तेव्हा धडकेला अर्धा मिनिट उरलेला असतो, कधी त्याहून कमी. ते फक्त वर-खाली बघतं, डावं-उजवं नाही. मागून येणाऱ्या विमानांचं काय, इंधनाचं काय, उतरायचा क्रम काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. धागा नियोजनाचा आहे.

उंबरठा
मान्य, नियोजन नव्हे. पण दोन निर्णयकर्ते एकाच वेळी बोलले तर काय होतं ते बघायला त्याच्यासारखं उदाहरण नाही. १ जुलै २००२, जर्मनीत युबरलिंगेनवर. एक रशियन तुपोलेव्ह, त्यात बरीचशी शाळकरी मुलं, आणि एक डीएचएलचं मालवाहू बोइंग. हद्द जर्मनीची, पण तो टापू सांभाळायला झुरिककडे दिलेला. रात्री एकच नियंत्रक दोन टेबलं बघत होता. धडकेची आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणेचा पडद्यावरचा भाग देखभालीसाठी बंद. त्याने तुपोलेव्हला सांगितलं खाली या. काही सेकंदांत त्याच विमानातलं टीकॅस म्हणालं वर जा. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. बोइंगचं टीकॅस म्हणालं खाली या, त्यांनी यंत्राचं ऐकलं. दोघंही खाली. ७१ माणसं गेली.

आणि अंगावर काटा येतो तो इथे: शेजारच्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना पडद्यावर धोका दिसत होता. ते झुरिकला फोन लावत राहिले. लागला नाही.

खिडकीचीसीट
कार्ल्सरूह. १९८३ ची ती परिषद याच गावात झाली होती. काय बोलावं कळत नाही.

कोकणकडा
आपल्याकडे हरियाणातलं चरखी दादरी, तीही हवेतलीच टक्कर. १२ नोव्हेंबर १९९६. कझाक विमान १५,००० फुटांवर थांबायचं ते आणखी खाली आलं, समोरून सौदियाचं जंबो १४,००० वर. ३४९ गेले. दिल्लीला येणारे आणि जाणारे तेव्हा एकाच मार्गिकेतून. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं. आपल्याकडे नियम असेच येतात.

पट्टीवाला
त्या रात्री मी ड्युटीवर होतो, दिल्लीला नाही, मुंबईला. बातमी फोनवरून आली. पहाटेपर्यंत खोलीत कुणी मोठ्याने बोललं नाही. पुढे लिहीत नाही.

झंप्या
…

बाष्पीभवन
विषय थोडा हलका करते. माझी भाची नुकतीच दोन तास विमानात बसून होती, धावपट्टीजवळ, दारं लावलेली. कंपनी कुठली ते जाऊ दे. वैमानिक म्हणे "एटीसीने वेळ दिलीय." मग ही वेळ आधीच माहीत होती तर माणसं आत कशाला कोंबली? कोण ठरवतं हे?

डलासकर
बाष्पीभवन, याचं उत्तर मला जवळून माहितीये, पण अमेरिकेपुरतं. मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये आहे.

इकडे एखाद्या विमानतळावर धुकं आलं की तिथे जाणारी विमानं निघतात तिथेच थांबवतात आणि प्रत्येकाला उतरायचा स्लॉट, म्हणजे ठरावीक वेळ देतात. पूर्वी तो स्लॉट कंपनीने कळवलेल्या ताज्या वेळेवरून ठरे. म्हणजे तुम्ही इमानदारीत सांगितलं की "आमचं विमान बिघडलंय, तासभर उशिरा येईल", की तुमचा नंबर मागे जाणार आणि वर धुक्याचा उशीर वेगळा. दुहेरी दंड! रद्द म्हणून कळवलं तर स्लॉट गेलाच, फुकट, दुसऱ्या कंपनीला. साहजिकच सगळे मूग गिळून बसायचे. मधल्या संगणकाला वाटायचं चाळीस विमानं येतायत, येणार असायची तीस. धावपट्टी रिकामी आणि लोक खोळंबलेले.

१९९८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूअर्कला नवी पद्धत सुरू झाली. स्लॉट मूळ छापील वेळापत्रकावरून, आणि तो कंपनीचा. आत कुठलं विमान घालायचं ते कंपनीने ठरवायचं. रद्द करून स्लॉट वापरता येत नसेल तर दुसऱ्याला पुढे सरकवतात, पण बदल्यात तुम्हाला वापरता येईल असा नंतरचा स्लॉट देतात. खरं बोलण्यात फायदा दिसला तेव्हा कंपन्या खरं कळवायला लागल्या.

माझ्या मते वाटून नियोजन म्हणजे हे. धावपट्टी किती विमानं घेईल ते केंद्राला माहीत. कुठल्या विमानात जोडउड्डाणाचे प्रवासी आहेत आणि कुठल्या वैमानिकाची ड्युटी संपत आलीय, ते फक्त कंपनीला. ज्याच्याकडे जी माहिती, त्याच्याकडे तो निर्णय.

बायनरीबाबा
डलासकर, हा प्रतिसाद वाचून माझं वरचं 'निर्णय एकाच्याच हाती' जरा डळमळलं. जरा. फार खूश होऊ नका.

गवतीचहा
अजून कुणी डबेवाल्यांचं नाव कसं घेतलं नाही? पंचवीस प्रतिसाद व्हायच्या आत येतंच.

झंप्या
तुम्हीच घेतलंत. चला, कोटा पूर्ण.

रानहळद
केंद्रवाद्यांसाठी एक किस्सा. २८ ऑगस्ट २०२३, ब्रिटन. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या विमानाचा फ्लाइट प्लॅन आला. त्यात डीव्हीएल नावाचे मार्गावरचे दोन खुणेचे बिंदू: एक अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात डेव्हिल्स लेक, दुसरा फ्रान्समध्ये दोव्हिल. ब्रिटनची हद्द कुठे सोडणार ते प्रोग्राम शोधत होता, त्याला सापडला नॉर्थ डकोटावाला. म्हणजे विमान हद्दीत शिरायच्या आधीच बाहेर पडलं! प्रोग्रामने हात वर केले आणि बंद झाला. लगेच जोडीचा राखीव संगणक पुढे आला, त्यानेही तोच प्लॅन वाचला, आणि तोही बंद. सगळं वीस सेकंदांच्या आत. आधी आलेल्या प्लॅन्सची चार तासांची शिदोरी साठवलेली होती, ती संपल्यावर हाताने काम. सात लाखांहून जास्त प्रवाशांना फटका.

सांजवात
दोन डीव्हीएलवर कोसळला? त्याला आमच्याकडे पाठवा. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ. कुरियरवाला रोज सुखरूप पोचतो. फोन करून विचारतो, "ताई, कुठलं वडगाव?"

उलटतपासणी
सांजवात, विनोद बाजूला ठेवला तरी तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. त्या प्रोग्रामला "कुठलं?" असं विचारायची सोयच नव्हती. एक प्लॅन बाजूला काढून बाकीचे चालू ठेवायचे, तिरकी पट्टी ठेवायची, तेही नाही.

पण रानहळद, हा किस्सा केंद्राच्या विरुद्ध जात नाही. जुळ्या भावांच्या विरुद्ध जातो. दोन्ही यंत्रांत एकच प्रोग्राम, मग दोन काय आणि वीस काय. विमानाविमानांत वाटलेल्या संगणकांतही एकच प्रोग्राम असेल तर सगळी विमानं एकाच क्षणी तीच चूक करतील.

बायनरीबाबा
+१. आणि २००४ चं लॉस एंजेलिस. नियंत्रकांची आवाजाची यंत्रणा, आत मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा. तो ४९.७ दिवसांत संपतो. म्हणून दर तीस दिवसांनी यंत्र बंद-चालू करायचं असा नियम. सप्टेंबरात ते राहून गेलं. राखीव यंत्रणाही चालली नाही. शेकडो विमानं वर, आणि माइक मुका.

झंप्या
आमचा वायफायवाला पण हेच सांगतो. बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा.

कोकणकडा
दिल्लीचं ताजंच आहे. नोव्हेंबर २०२५, निरोप वाहून नेणारी यंत्रणा बसली. रडार ठीक, रेडिओ ठीक. फक्त फ्लाइट प्लॅन नियंत्रकांच्या पडद्यावर आपोआप येईनात. हाताने भरायला लागले. आठशेच्या वर उड्डाणांना उशीर. डोकं शाबूत आणि टपाल बंद.

पाखरू
मी ड्रोनने द्राक्षबागा फवारतो, नाशिककडे. तुम्ही सगळे मोठ्या विमानांवर अडलात, पण धागाकर्त्याला हवंय ते खाली ४०० फुटांत येतंय. बाहेरच्या देशांत ड्रोन कंपन्यांचे संगणक "या वेळेत हा आकाशाचा तुकडा माझा" असं एकमेकांना थेट कळवतात. छेद गेला तर उडायच्या आधीच बदल. मध्ये माइकवाला कुणी नाही. आपल्याकडे ड्रोन कुठे उडवता येतील ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा आहे, हिरवा-पिवळा-लाल. मी हिरव्यात असतो. माझ्या आकाशात दुसरा वाटेकरी म्हणजे घार. ती बेत कळवत नाही.

उलटतपासणी
पाखरू, भारी. पण ड्रोन जागेवर तरंगू शकतो. काहीच ठरलं नाही तर थांबायचं, ही सोय आहे. अडीचशे माणसं घेतलेलं विमान थांबत नाही. एकमत व्हायला वीस सेकंद जास्त लागले तर तेवढ्यात ते पाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

खिडकीचीसीट
सगळ्यांचे आभार, अजाणकारांचे जास्त. प्रश्न विचारताना मला वाटलं होतं अडचण संगणकाच्या ताकदीची असेल. आता दिसतंय की रँडवाल्यांचा 'निवडायचं कुणाला' हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलाय. टीकॅसने आकड्यावर, सेक्टरवाल्यांनी भूगोलावर, डलासकरांच्या कंपन्यांनी छापील वेळापत्रकावर. युबरलिंगेनला 'कुणाचं ऐकायचं' हे वैमानिकांच्या मनात पक्कं नव्हतं. माझ्या गोदामात दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही थांबतात आणि मला मेल येतो. ही चैन होती हे आज कळलं.

एकच राहिलं. पट्टीवाला काका, त्या दिवशी माझ्या पंचवीस मिनिटांत निवडलेला कोण होता?

पट्टीवाला
अप्रोचवाला, म्हणजे उतरणाऱ्यांना रांगेत लावणारा नियंत्रक. तुमच्या पुढे आठ-दहा जण असतील. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्यातून निघणाऱ्यांनाही वाट द्यायची. पंक्तीत बसायला पान नाही, म्हणून तुम्हाला ओसरीवर बसवलं.

पण मला तुमच्या हिशेबात एक खोट दिसते. चौदा हजार फुटांच्या खाली एक घिरटी साधारण चार मिनिटांची. पंचवीस मिनिटांत सहा व्हायला हव्यात. बोट चारच वेळा दिसली म्हणता?

खिडकीचीसीट
दोन फेऱ्या आजोबांना खिडकीची जागा दिली होती.